वृद्धाश्रमातील कलेविषयी काही गैरसमज

वृद्धाश्रमात कला कशासाठी, असे विचारल्यास 'वेळ जावा म्हणून' हेच उत्तर दोंडाईच्यापासून मुंबईपर्यंत बहुधा मिळते. आणि या समजुतीस खुद्द कायद्याचा आधार आहे, कारण प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम अपेक्षिणाऱ्या २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम १९ मध्ये वैद्यकीय सेवेच्या जोडीला केवळ मनोरंजनाच्या साधनांचा उल्लेख आहे.

वस्तुस्थिती अशी की, गाणे आणि सोंग ही गाऱ्हाणे मांडण्याचीही आपली जुनी साधने होत. जात्यावर बसलेल्या सुनेने सासरचा जाच ओवीत घातला, कारण तो तोंडावर सांगण्याची तिला मुभा नव्हती. आश्रमवासीयांची अवस्था याहून फारशी निराळी नसते; ज्याच्या हातून रोजचे ताट यावयाचे, त्याच्याविरुद्ध तक्रारअर्ज कोण देणार? तपासणीस आलेल्या अंमलदाराने पुस्तकी मराठीत चौकशी केली, की अहिराणी बोलणारी आजी "बरं शे" म्हणून गप्प होते आणि दप्तरात समाधानाचा शेरा पडतो. त्याच आजीला सेविकेची भूमिका द्यावी, सेविकेला खाटेवर निजवावे, आणि रात्री लघवीला उठावेसे वाटले असता काय घडते ते करून दाखवावयास सांगावे. मग हाकेला किती वेळाने ओ मिळते, दिवा कोठे नसतो, कोणता शब्द मनाला लागतो, हे सारे कोणाचेही नाव न घेता उघड होते, आणि खाटेवरील सेविकेलाही ते प्रथमच कळते.

मिरचीचे देठ खुडण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना कला कोठली, हा दुसरा समज खानदेशात तरी कोणी बाळगू नये. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली म्हणूनच १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, ती ग्रंथरूपाने आली. आश्रमातही उणीव असते ती टिपून घेणाऱ्याची. स्मृती गेलेल्यांपुढे तर उपायच खुंटतो असे मानतात. परंतु अमेरिकेत ॲन बास्टिंग यांनी १९९८ साली सुरू केलेल्या पद्धतीत आठवण न विचारता चित्र दाखवून कल्पना विचारतात, आणि मिळेल ते उत्तर जसेच्या तसे लिहून घेतात.

कार्यक्रम झाला म्हणजे काम झाले, हा समज मात्र सर्वांत घातक. ब्राझीलचे नाटककार ऑगुस्तो बोआल १९९३ ते १९९६ या काळात रिओ दी जानेरोचे नगरसेवक असताना लोकांच्या नाट्यप्रयोगांतून निघालेल्या मागण्यांचे १३ कायदे झाले; त्यांतील एक महापालिकेच्या रुग्णालयांतील वृद्धांच्या उपचाराविषयी होता. आश्रमाच्या पातळीवर एक नोंदवही पुरे : काय पुढे आले, कोणी करावयाचे, कोणत्या तारखेपर्यंत. वाचकांपैकी जे आश्रमांस देणगी देतात, त्यांनी पुढील भेटीत ही वही अवश्य मागून पाहावी.