चिलिकात नाव कशी न्यावी?

नौदलात खलाशी म्हणून दाखल होणाऱ्यांचे सुरुवातीचे प्रशिक्षण ओडिशातील ‘आयएनएस चिलका’ येथे होते, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. ते ज्या सरोवराच्या काठी आहे, तेही समजून घेण्यासारखे आहे.

चिलिका हे वाळूच्या पट्ट्याने समुद्रापासून वेगळे झालेले मचूळ पाण्याचे सरोवर. दया, भार्गवी या नद्या त्यात गोडे पाणी आणतात, तर बंगालच्या उपसागरातून खारे पाणी येते. गाळाने समुद्राकडचे मुख आक्रसले, तसा खारेपणा घटला, पाणवनस्पती माजल्या आणि मासळी कमी झाली. १९९३ मध्ये धोक्यातील रामसर स्थळांच्या यादीत चिलिकाचे नाव गेले. सप्टेंबर २००० मध्ये नवे मुख खोदल्यावर मासळी परतली आणि २००२ मध्ये ते नाव यादीतून निघाले.

इथले इरावडी डॉल्फिन पाहायला मी सातपाड्याहून नावेने गेलो. गोल डोक्याचा, चोच नसलेला हा प्राणी चित्रपटातल्यासारख्या उड्या फारशा मारत नाही. पाठ आणि छोटासा पर तेवढा दिसतो. गढूळ पाण्यात नजर फारशी कामाची नाही, म्हणून तो आवाज सोडून प्रतिध्वनीवरून वाट आणि भक्ष्य शोधतो, पाणबुडीच्या सोनारसारखेच. इंजिनाच्या गोंगाटाने त्यात अडथळा येतो. शिवाय हा सस्तन प्राणी असल्यामुळे श्वासासाठी त्याला वर यावेच लागते. तेव्हा वर फिरता पंखा असेल, तर जखम किंवा मृत्यू ठरलेला.

म्हणून नियम सोपे आहेत. दुरूनच वेग कमी करावा, डॉल्फिनच्या वाटेत शिरू नये, चारी बाजूंनी नावा लावून त्याला घेरू नये, पाठलाग तर मुळीच करू नये. आमच्या नावाड्याने इंजिन बंद केले, तेव्हा “अजून जवळ घ्या, पैसे दिलेत!” असा आग्रह नावेत सुरू झाला. तो ऐकला नाही, म्हणूनच थोड्या वेळाने फुस्स असा श्वास ऐकू आला आणि करडी पाठ वर येऊन गेली.

नावाड्याचे पोट प्रवाशांवर चालते. प्रवासी हट्ट धरतील, तर त्याला नियम पाळणे कठीण जाते. सुट्टीत कुटुंबासह चिलिकाला जाल, तेव्हा निघण्यापूर्वीच त्याला सांगा, “दादा, लांबूनच दाखवा, आम्हाला घाई नाही.”