कल्हई आणि काच

नाशकात आलेल्या पाहुण्याला आम्ही हौसेने भांडी बाजारात नेतो. तांब्यापितळेची घडाई हा या गावाचा जुना लौकिक. गिऱ्हाईक पातेले वाजवून पाहते, वजन विचारते, पण त्याच्या पोटातल्या लेपाविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. खरे मर्म तर तिथेच असते!

माझ्या वर्गात मी एकदा 'कळकणे' या क्रियापदाचा अर्थ विचारला. एकही हात वर झाला नाही. पितळेच्या पातेल्यात ताक ठेवले की ते कळकते. आंबटात तांबे उतरते, चव बिघडते, मळमळून उलट्या होतात. म्हणून आतून कल्हई. कल्हईवाला भांडे घासूनपुसून भात्याच्या आगीवर तापवतो, वर नवसागराची चिमूट टाकतो. पांढरा धूर उठतो आणि धातूवरचे कीट सुटते. मग कथील लावायचे. ते अवघ्या २३२ अंशांना वितळते, आणि कापसाचा बोळा फिरताच भांडे रुप्यासारखे उजळते.

लोखंडी पत्र्याला युक्ती निराळी. एनॅमल म्हणजे चक्क काच! वाळू, टाकणखार, सोडा इत्यादी वितळवून तो रस पाण्यात ओतला की त्याचे कण होतात. ते दळून, चिकणमाती व पाणी मिसळून, सायीसारखे दाट कालवतात. तेजाबाने स्वच्छ केलेले भांडे त्यात बुडवून वाळवतात व सुमारे ८०० अंशांच्या भट्टीत घालतात. पहिल्या थरातल्या कोबाल्टमुळे काच लोखंडाला घट्ट धरते. पांढरा वा निळा थर त्यावर, आणि पुन्हा भट्टी. जयपूरचे मीनाकार सोन्यावर काच बसवतात, तीही याच तत्त्वाने.

स्टेनलेस स्टील आले आणि कल्हईवाल्याची हाक विरळ झाली. आता पितळ पुन्हा हौसेने घरात येत आहे. कल्हईची आठवण मात्र त्याच्याबरोबर आलेली नाही. तेव्हा गृहिणींनो, आणि गृहस्थहो तुम्हीसुद्धा, एवढे पाहा: आत पिवळे दिसू लागले की पुन्हा कल्हई करा. कथील शुद्धच हवे. त्यात शिसे मिसळलेले असेल तर ते मुलांना फार घातक. एनॅमलचा टवका उडाला तर त्या भांड्यात शिजवू नका.

'वरवरचा मुलामा' म्हणून आपण ढोंगाला नावे ठेवतो. स्वयंपाकघरात मात्र जेवणाऱ्याला तोच राखतो.