गळ टाकण्याआधी पाणी बघा
गोड्या पाण्यातल्या मासेमारीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

धरणावर किंवा नदीवर गळ टाकायला जायचा बेत हल्ली बहुतेक वेळा मोबाइलवर ठरतो. एखादं ॲप चंद्राची कला दाखवून ‘आजचा दिवस उत्तम’ असं सांगतं, कुणी हवेचा दाब बघायला सांगतो, तर बरोबरच्यांपैकी एखादा अमावास्येचाच आग्रह धरतो. यातल्या बऱ्याच गोष्टी कुठे ना कुठे खऱ्या असतात, पण त्या दुसऱ्या पाण्याच्या असतात. काही कोकणातल्या खाडीच्या, काही अमेरिकेतल्या थंड तळ्यांच्या. उजनीच्या फुगवट्यावर किंवा कृष्णेच्या डोहावर त्या जशाच्या तशा लावल्या की सुट्टीचा दिवस वाया जातो, आणि ऐन विणीच्या हंगामात माशांचं नुकसानही होतं.

मासा वागतो तो भोवतीच्या पाण्याप्रमाणे. पाण्याचं तापमान, त्यातला प्राणवायू, प्रवाह आणि उजेड या चार गोष्टी त्याला कळतात. ऋतू, हवामान आणि चंद्र यांचा परिणाम त्याच्यापर्यंत मुख्यतः याच वाटांनी पोहोचतो. ही कसोटी लावून रूढ समजुती एकेक करून तपासू.

गैरसमज 1 : अमावास्या-पौर्णिमेला धरणातही मासा हमखास लागतो.

वस्तुस्थिती : समुद्रकाठी चंद्राला खरंच महत्त्व आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती असते. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला हिशेब आजही ढोबळमानाने बरोबर ठरतो, कारण भरती रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. खाडीत पाणी चढतं, त्याबरोबर खाद्य येतं आणि खाद्यामागून मासा येतो. तिथला मच्छीमार तिथी बघतो ती पाण्यासाठीच.

धरणात ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. उत्तर अमेरिकेतली महासरोवरं आपल्या कुठल्याही धरणापेक्षा कितीतरी पटींनी मोठी आहेत. तिथेही चंद्र-सूर्याच्या ओढीने येणारी भरती 5 सेंटिमीटरपेक्षा कमी असते. मुळशी, पवना किंवा जायकवाडीच्या पाण्यात ती जाणवण्याइतकी नसतेच. त्यामुळे उधाणाचं गणित किनाऱ्यावरच सोडून घाट चढावा.

गैरसमज 2 : ॲपमधला ‘सोल्युनर’ तक्ता म्हणजे सिद्ध झालेलं शास्त्र.

वस्तुस्थिती : हा तक्ता जॉन ऑल्डन नाइट या अमेरिकी मासेमाराने 1926 च्या सुमारास मांडला. चंद्र डोक्यावर असताना आणि पायाखाली, म्हणजे पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला असताना माशांची हालचाल सर्वांत जास्त असते, चंद्रोदय आणि चंद्रास्ताला थोडी कमी, असं त्याचं म्हणणं होतं. आजची बहुतेक ॲप्स हेच गणित करतात. त्यात तुमच्या धरणाचं पाणी कालपासून किती उतरलं किंवा ते गढूळ आहे का, याला कुठेच जागा नसते.

चंद्र आणि गळ यांचा संबंध तपासणारा एक मोठा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. उत्तर अमेरिकेतल्या मस्की या शिकारी माशाच्या 3 लाखांहून अधिक नोंदी त्यात तपासल्या होत्या. चंद्राचा संबंध दिसला, पण सगळ्या अनुकूल वेळा साधणाऱ्यालाही सुमारे 5 टक्केच जास्त मासे मिळतील, इतकाच तो निघाला. एका रात्रीत दोन फूट उतरलेलं पाणी याहून कितीतरी मोठा फरक पाडतं.

गैरसमज 3 : म्हणजे गोड्या पाण्यात चंद्राला काहीच अर्थ नाही.

वस्तुस्थिती : हे दुसरं टोक झालं. चंद्र काम करतो, पण उजेडाच्या वाटेने. पोलिश शास्त्रज्ञ ग्लिविच यांनी मोझांबिकमधल्या काहोरा बासा जलाशयातलं याचं उदाहरण 1986 साली प्रसिद्ध केलं. पाण्यातले सूक्ष्म प्राणी दिवसा खोल राहतात आणि अंधार पडला की वर येतात. पौर्णिमेनंतरच्या रात्रींत सूर्य मावळल्यावर थोडा वेळ पूर्ण अंधार असतो. त्या अंधारात हे जीव वर येतात, तेवढ्यात चंद्र उगवतो आणि उजेडात लहान मासे त्यांचा फडशा पाडतात. त्यामुळे दर महिन्याला पौर्णिमा उलटली की त्या जिवांची संख्या घसरायची.

वद्य पक्षातला हा अंधार आपल्याला चांगला ओळखीचा आहे. संकष्टीला घरोघरी चंद्रोदयाची वाट बघितली जाते ती त्याचमुळे. म्हणून रात्रीच्या बेतात ‘आज तिथी कोणती’ याच्याबरोबर ‘चंद्र किती वाजता उगवतो आणि आभाळ मोकळं आहे का’ हेही विचारावं. डोळ्यांनी शिकार करणाऱ्या माशाला चांदणं उपयोगी पडतं. शिंगाडा हा मासा मिशांनी आणि वासाने खाद्य हुडकतो, त्याचं अंधारात अडत नाही. आणि आभाळ पूर्ण भरलेलं असेल, तर पौर्णिमा असूनही पाण्यापर्यंत फारसं चांदणं पोहोचत नाही.

गैरसमज 4 : हवेचा दाब उतरला की माशाच्या पोटातल्या पिशवीला ते कळतं आणि तो खायला लागतो किंवा खाणं सोडतो.

वस्तुस्थिती : या पिशवीवर, म्हणजे वाताशयावर दाबाचा परिणाम होतो, हे खरं. पण आकडे बघा. पाण्यात 1 सेंटिमीटर खाली गेलं की दाब सुमारे 1 हेक्टोपास्कलने वाढतो. आपल्याकडे हवेचा दाब रोजच दोनदा चढतो-उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो जास्त असतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. हा फरक साधारण 3 ते 4 हेक्टोपास्कलचा, म्हणजे पाण्यातल्या तीन-चार बोटांइतकाही नाही. खाद्य टिपायला वीतभर वर-खाली करणारा मासा त्याच्या कितीतरी पट फरक क्षणात सोसतो.

मग वळवाच्या आधी मासा जोरात लागतो, हा अनेकांचा अनुभव खोटा का? अजिबात नाही. त्या वेळी ढग येऊन उजेड कमी होतो, वारा सुटतो, पाण्याचा वरचा थर ढवळला जातो. मासा बहुधा या बदलांना प्रतिसाद देतो. दाबाच्या आकड्यापेक्षा वाऱ्याकडे लक्ष दिलेलं जास्त उपयोगी. सतत एकाच दिशेने वाहणारा वारा वरचं पाणी आणि त्यातलं खाद्य समोरच्या काठाकडे ढकलतो. वारा पाठीवर घेऊन आरामात बसण्यापेक्षा लाटा जिथे आपटतात त्या काठाला गळ टाकून बघावा.

गैरसमज 5 : मासे वर येऊन तोंड उघडतात, म्हणजे ते भुकेले आहेत.

वस्तुस्थिती : बहुतेक वेळा ते गुदमरलेले असतात. हिरव्या, शेवाळलेल्या तळ्यात वनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात आणि रात्रभर तो वापरतात, म्हणून पहाटे त्याचं प्रमाण सर्वांत कमी असतं. सलग दोन-तीन दिवस ढगाळ असेल आणि वारा पडला असेल, तर तुटवडा आणखी वाढतो. अशा सकाळी मत्स्यशेती करणारे खाद्य बंद ठेवतात, कारण मासा ते खातच नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. खाणारा मासा पाणी फोडतो आणि लगेच खाली जातो, मागे वर्तुळं उठत राहतात. गुदमरलेला रोहू किंवा कटला पृष्ठभागाशी जवळपास तिरपा राहतो. त्याचे ओठ पाण्याच्या रेषेवर सारखे उघडझाप करतात, आणि काठावर माणूस आला तरी तो पटकन बुडी मारत नाही. अशा तळ्यात कणकेचा गोळा टाकून काही हाती लागत नाही. ऊन चढून वारा सुटेपर्यंत थांबावं. मरळ मात्र याला अपवाद. तिला हवेतून श्वास घेता येतो. ती वर येते, एक घोट हवा घेते आणि सरळ खाली जाते, तो तिचा नेहमीचा क्रम असतो.

गैरसमज 6 : पहाटेचीच वेळ बारा महिने चांगली, आणि थंडीत मासा लागत नाही.

वस्तुस्थिती : पहाटेचा नियम उन्हाळ्याचा आहे. तेव्हा दुपारचा वरचा थर तापतो आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंशांच्या पाण्यात तो लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम राहू शकतो, 30 अंशांना साडेसात. म्हणून चैत्र-वैशाखात सकाळ-संध्याकाळ साधावी.

पौष-माघात हिशेब उलटतो. माशाचं रक्त थंड असतं. पाणी गार झालं की पचन मंदावतं आणि रोहू-कटल्याची भूक कमी होते, पण थांबत नाही. काठाजवळचं उथळ पाणी उन्हाने तापलं की अकरा ते चार या वेळात ते खाद्याला येतात. थंडीत गोळा लहान करावा, तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, बारीक घ्यावा आणि पाचला उठून कुडकुडत बसण्याऐवजी जेवणाचा डबा घेऊन निवांत निघावं.

गैरसमज 7 : उन्हाळ्यात गळ जितका खोल, तितका चांगला.

वस्तुस्थिती : खोल धरणांत उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वर गरम आणि हलकं पाणी, खाली गार आणि जड. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. तळाशी कुजणारा पाला खालचा प्राणवायू संपवतो आणि वरून नवा पोहोचत नाही. अशा तळाशी मासा टिकतच नाही, तो मधल्या थरात राहतो. म्हणून तळापासून वर थोड्या थोड्या अंतराने खोली बदलून बघावी. उथळ, वाऱ्याने ढवळल्या जाणाऱ्या फुगवट्यात हे थर टिकत नाहीत, तिथे तळाचा गळही चालतो.

गैरसमज 8 : पाऊस लागला की लगेच नदी गाठावी.

वस्तुस्थिती : रिमझिम आणि मुसळधार यांत फार अंतर आहे. पहिला लोंढा माती, पाला आणि घाण घेऊन येतो. गढूळ पाण्यात डोळ्यांवर अवलंबून असलेल्या माशाला आमिष दिसत नाही. पूर ओसरून पाणी निवळू लागतं, तेव्हा ओढा नदीला मिळतो त्या जागी, गढूळ आणि स्वच्छ पाण्याच्या सीमेवर गळाला चांगला प्रतिसाद मिळतो.

त्याआधी जिवाचा विचार. धरणाखालच्या पात्रात विसर्ग सुरू झाला की वर पाऊस नसतानाही पाणी झपाट्याने चढतं. भोंगा वाजला की सामान गोळा करत न बसता वर यावं. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो, तेव्हा गडगडाट ऐकू येताच तो खाली ठेवून पक्क्या छपराखाली जावं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबावं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं. मोबाइलवर चंद्राचं ॲप असो वा नसो, हे जरूर असावं.

गैरसमज 9 : चढणीचे मासे म्हणजे सुगीच, कितीही धरले तरी संपत नाहीत.

वस्तुस्थिती : सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज हा आहे. मृगाच्या पावसात मासे ओढ्यांतून, शेतांतून वर चढतात. कुठे त्याला चढण म्हणतात, कुठे वलगण. ते निघालेले असतात अंडी घालायला. धरणातले रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं आणि ते वर्षातून थोडेच दिवस मिळतं. सह्याद्रीच्या नद्यांतला महासीरही पावसाळ्यातच वितो. रोहूची एक मोठी मादी लाखांच्या घरात अंडी देते. गाभोळीने भरलेला तो एक मासा धरला, तर पुढच्या अनेक हंगामांचं बीज आपण एका जेवणात संपवतो.

मरळीचंही तसंच. पावसाळ्यात काठाच्या गवतात लालसर-नारिंगी पिलांचा घोळका पृष्ठभागाशी खळबळ करताना दिसतो, आणि खाली आई-बाप राखणीला असतात. त्या घोळक्यात आमिष टाकलं की मरळ झडप घालते, ती पिलांना वाचवण्यासाठी. तिला काढलं की इतर मासे काही वेळातच पिलांचा फन्ना उडवतात.

लोकांनी मनावर घेतलं तर काय होतं, हे महाड तालुक्यातल्या वाळणकोंडला बघायला मिळतं. वरदायिनी देवीच्या श्रद्धेने गावकऱ्यांनी तिथल्या डोहातले महासीर पिढ्यान्‌पिढ्या राखले आहेत. लोणावळ्याला टाटांच्या वळवण केंद्रात 1970 च्या दशकापासून महासीरचं बीज तयार करून ते पाण्यात सोडलं जातं. एवढ्या कष्टाने जपलेला मासा चढणीला धरण्यात कसलंच कौशल्य नाही.

मग वर्षाचा बेत कसा आखावा?

पाऊस संपून पाणी निवळलं की, म्हणजे आश्विन ते मार्गशीर्ष, हा सर्वांत चांगला काळ. पाणी भरपूर, खाद्य भरपूर आणि वीण आटोपलेली. पौष-माघात दुपार साधावी. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ जावं, पण आटलेल्या डोहात कोंडलेले मोठे मासे सोडून द्यावेत. पावसाळ्यात तेच अंडी घालणार असतात. जून ते ऑगस्टमध्ये राहवत नसेल, तर चिलापीवर भागवावं. ती 1952 साली भारतात आणलेली आफ्रिकी जात आहे, वर्षभर विते आणि उजनीसारख्या जलाशयांत मुबलक आहे. ती कमी झाल्याने देशी माशांना जागाच मिळेल.

जाण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. बहुतेक जलाशय स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. त्यांची परवानगी घ्यावी आणि पाणी किती आहे, कसं आहे, हेही त्यांनाच विचारावं. रोज त्या पाण्यावर असलेल्या माणसाइतकी ताजी माहिती कुठलंही ॲप देत नाही. दुसरं, एक वही ठेवावी. तारीख, वेळ, वारा, पाण्याचा रंग, पातळी, खोली आणि काय लागलं हे तिच्यात लिहावं. तिथीही लिहावी, आणि काहीच न लागलेले दिवस तर न चुकता लिहावेत, कारण आठवणीत फक्त चांगले दिवस उरतात आणि समजुती तिथूनच तयार होतात. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदी जमल्या की तुमच्या धरणाचं पंचांग तुमच्याच हाती येईल. त्यात गाभोळीचे महिने आधी खोडून ठेवा, बाकीच्या महिन्यांत मासे मिळत राहतील ते त्यामुळेच.