पत्त्यातले ‘द्वारा’

आमचे घर भिवापूरचे. मिरचीसाठी नाव असलेल्या या गावी आई एकटी राहते. मी नागपूरला मराठी शिकवतो. गेल्या पावसाळ्यात एका रात्री ती ओसरीवर पाय घसरून पडली, आणि शेजाऱ्यांना कळले ते सकाळी! तेव्हापासून माझी झोप उडाली. ओसरीवर कॅमेरा बसवावा आणि नागपूरहून मोबाईलवर पाहावे, असा मी बेत केला.

कॅमेरा बसला. घरात उभे राहून पाहिले, तर चित्र स्वच्छ. नागपूरला येऊन पाहतो तो काय, पडदा काळाभोर! पुन्हा भिवापूर गाठले. राउटर दहादा बंद-चालू केला. आई म्हणाली, “कायले एवढी उठाठेव करून राहिला रे? मीच करत जाईन ना रोज फोन!”

शेवटी कॉलेजातील संगणकाच्या प्राध्यापकांना शरण गेलो. त्यांचे म्हणणे मला उमगले ते असे. वाड्यात बिऱ्हाडे दहा असली, तरी पोस्टमनला पत्ता एकच. पत्रावर ‘द्वारा अमुक’ असे लिहावयाचे. राउटर हा तो ‘द्वारा’! घरातील यंत्रांना तो बहुधा १९२.१६८ने सुरू होणारे घरगुती पत्ते देतो. तेच पत्ते असंख्य घरांत असतात, म्हणून बाहेर ते चालत नाहीत. आतून कोणी मागणी धाडली, की राउटर तिच्यावर स्वतःचा पत्ता घालतो, वहीत नोंद ठेवतो आणि आलेले उत्तर ज्याचे त्याला पोचवतो. बाहेरून आपणहून आलेल्याची मात्र वहीत नोंद नाही; तो दारातूनच परत!

हा खटाटोप कशासाठी? जुन्या पद्धतीचे पत्ते अवघे ४२९ कोटींच्या आसपास. ते पुरणार नाहीत हे ओळखून १९९४ साली ही युक्ती मांडली गेली. जगाच्या मध्यवर्ती साठ्यातील शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले.

प्राध्यापकांनी उपाय सांगितला : ‘अमुक क्रमांकाच्या दाराशी येईल त्याला कॅमेऱ्याकडे पाठवा,’ अशी कायमची नोंद राउटरमध्ये करावी. यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. तेही केले; पडदा काळाच! मग राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहिला. तो १००.७२ने सुरू होणारा निघाला. १००.६४ ते १००.१२७ने सुरू होणारे पत्ते २०१२ साली सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या अंतर्गत कामासाठी राखून ठेवले गेले. म्हणजे आमच्या वाड्याबाहेर कंपनीचा आणखी एक वाडा! त्या वहीत आमची नोंद कोण करणार?

वाटा दोन उरल्या. कंपनीकडे स्वतंत्र जाहीर पत्ता मागावा, नाही तर कॅमेऱ्यानेच आतून हाक घालावी. मी दुसरी धरली. आता कॅमेरा आपणहून बाहेरच्या मध्यस्थ सेवेशी जोडलेला राहतो, माझा मोबाईलही तेथेच जातो आणि दोघांची गाठ पडते. कॅमेऱ्याबरोबर आलेला पासवर्ड तेवढा आठवणीने बदलला.

परवा पाहिले, तर आई ओसरीवर मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. इतक्यात फोन वाजला, पलीकडे तीच. “दिसून राहिली का रे मी?”

दार आतूनच उघडावे लागते, हे तिने आधीच सांगितले होते. मला तेवढे कळायला दोन वाडे ओलांडावे लागले.