उलट्या पाण्याची नव्वद वर्षं

नळाचं पाणी एकाच दिशेनं येतं, असं आपण धरून चालतो. पण पाणी फक्त दाब ओळखतं. जिकडे दाब कमी तिकडे ते जातं. रस्त्याखालची मुख्य लाइन फुटली, दुरुस्तीसाठी कापली किंवा बंबवाल्यांनी आगीसाठी एकदम पाणी ओढलं, की घराकडे निघालेलं पाणी मागं वळतं. पाइपाचं तोंड त्या वेळी ज्यात बुडालेलं असेल, ते पाण्याबरोबर लाइनमध्ये खेचलं जातं. हे थांबवण्यासाठी बॅकफ्लो प्रिव्हेंटर नावाचं उपकरण बसवतात आणि अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी त्याची दरवर्षी परीक्षा घेतात. ही परीक्षा कुठून आली, ते पाहायला गेलं की आजारांच्या साथीच समोर येतात.

पहिली मोठी साथ शिकागोची. 1933 साली तिथे जागतिक प्रदर्शन भरलं होतं आणि हॉटेलं तुडुंब भरली होती. एकमेकांशी पाण्यानं जोडलेल्या दोन नामांकित हॉटेलांत जुनं, गळकं, वर्षानुवर्षं जोडत नेलेलं प्लंबिंग होतं. सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं. अमिबाजन्य आमांशानं चौदाशेहून जास्त माणसं आजारी पडली आणि 98 दगावली. हा आजार उशिरा डोकं वर काढतो, त्यामुळे बरेच पाहुणे आपापल्या गावी परतल्यावर अंथरुणाला खिळले. तिथल्या डॉक्टरांना शिकागोचा संशय येण्याचं कारण नव्हतं. अपेंडिक्स समजून काहींची पोटं फाडली गेली. पिण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइनी एकमेकींच्या किती जवळ येऊ द्यायच्या, या प्रश्नाकडे अमेरिकन प्लंबिंगनं गंभीरपणे पाहिलं ते यानंतर. 1944 मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात या एकाच विषयाला वाहिलेली संस्था उभी राहिली. ही उपकरणं कोणत्या कसोटीला उतरली पाहिजेत, हे ठरवण्यात तिचा शब्द आजही वजनदार आहे.

मला स्वतःला सगळ्यात बोलकी वाटते ती 1969 ची वूस्टरची घटना. मॅसॅच्युसेट्समधल्या या शहरात होली क्रॉस कॉलेज आहे. त्याचा फुटबॉल संघ ऑगस्टच्या उन्हात सरावाला उतरला होता. मैदानावरच्या नळाचं पाणी मुलं पीत होती. त्याच लाइनवर गवताला पाणी घालण्यासाठी जमिनीत खड्डे करून बसवलेल्या तोट्या होत्या. शेजारच्या इमारतीतली लहान मुलं त्या खड्ड्यांपाशी पाण्यात खेळायची आणि त्यांतल्या काहींना कावीळ झालेली होती. 29 ऑगस्टला जवळच आग लागली, बंबांनी पाणी ओढलं, लाइनमधला दाब पडला आणि खड्ड्यांतलं पाणी आत शोषलं गेलं. काही आठवड्यांनी संघ आजारी पडू लागला. खेळाडू आणि प्रशिक्षक मिळून 97 पैकी 90 जणांना संसर्ग झाला. दोन सामने खेळून कॉलेजला उरलेला हंगाम रद्द करावा लागला. पंप बिघडला नव्हता, पाइप फुटला नव्हता, कुणी नियम मोडून काही ओतलंही नव्हतं. खड्ड्यात बुडालेली तोटी आणि थोडा वेळ पडलेला दाब, एवढ्यानं भागलं.

1980 च्या डिसेंबरात पिट्सबर्गजवळ हेच घरगुती रूपात घडलं. कीटकनाशक फवारणाऱ्यानं औषध कालवताना बागेच्या पाइपाचं टोक त्यातच बुडवून ठेवलं होतं. नेमकी तेव्हाच दुसरीकडे व्हॉल्व्ह बसवण्यासाठी मुख्य लाइन कापली गेली. क्लोर्डेन आणि हेप्टाक्लोर ही विषं साधारण तीनशे माणसांच्या वस्तीतल्या नळांपर्यंत पोचली. तोवर अमेरिकेत 1974 चा सुरक्षित पेयजल कायदा आला होता आणि पाण्याच्या गुणवत्तेची जबाबदारी पुरवठादाराच्या अंगावर होती. मग पुरवठादारांनी घराघराच्या जोडणीत डोकावायला सुरुवात केली, तर त्यात नवल नाही.

आता उपकरणाकडे येऊ. आपल्याकडे प्लंबर जो साधा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवतो, तो यात मोडत नाही. त्यात एकच झडप असते आणि ती नीट बसते आहे की नाही, हे लाइन उघडल्याशिवाय कळत नाही. डबल चेक प्रकारात एकामागं एक दोन झडपा असतात आणि मापकाची नळी लावण्यासाठी चार छोट्या तोट्या. धोका जास्त असेल तिथे वापरतात त्या प्रकारात दोन झडपांच्या मधल्या कप्प्याला तिसरा, खाली उघडणारा व्हॉल्व्ह असतो. झडपा गळू लागल्या की तो कप्प्यातलं पाणी जमिनीवर सोडून देतो. असं उपकरण ठिबकताना पाहून घरमालक वैतागतो, पण ते ठिबकणं म्हणजे उपकरणानं केलेली तक्रार असते.

तपासनीस येतो, पुढची चावी बंद करतो, तोट्यांतून थोडं पाणी सोडून कचरा काढतो आणि दोन बाजूंच्या दाबांतला फरक दाखवणारं मापक जोडतो. डबल चेकच्या प्रत्येक झडपेनं किमान 1 पीएसआय फरक धरून ठेवायला हवा. जास्त धोक्याच्या प्रकारातला तिसरा व्हॉल्व्ह फरक 2 पीएसआयपर्यंत उतरायच्या आत उघडायला हवा. चाचणी पंधरावीस मिनिटांची. नापास होण्याची कारणं साधी असतात: झडपेच्या बैठकीत अडकलेला वाळूचा कण, क्षारांचा थर, कडक झालेलं रबर, मरगळलेली स्प्रिंग. बहुतेक वेळा झाकण खोलून पुसलं आणि रबर बदललं की काम होतं. नवं उपकरण विकायची घाई करणारा तपासनीस भेटला, तर आधी रबराचा संच बदलायला सांगावं. त्याचं मापकही दरवर्षी तपासून घेतलेलं असावं लागतं, तो दाखला मागायला संकोच नको.

एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. घराच्या जोडणीवर झडप बसली की घरातली पाण्याची लाइन एका बाजूनं बंद होते. गिझरमधलं पाणी तापून फुगतं, पूर्वी ते मागं सरकायचं, आता त्याला जागा उरत नाही. मग गिझरचा सुरक्षा व्हॉल्व्ह टपकू लागतो आणि गिझर बिघडला असं वाटतं. तिथे छोटी प्रसरण टाकी लागते.

टेक्सास किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरांच्या अंगणात स्प्रिंकलर असले, तर पाणीपुरवठा खात्याकडून चाचणीची आठवण येते. काही गावांत ती दरवर्षी सक्तीची, काही ठिकाणी फक्त बसवताना. दरवर्षीच्या सक्तीवर कुरकुर होते आणि ती सगळीच चुकीची नाही. खत न मिसळणाऱ्या साध्या लॉनला आणि रसायनांच्या कारखान्याला एकच मोजमाप लावणं जड आहे. ब्रिटननं 1999 च्या नियमांत धोक्याच्या पाच पायऱ्या ठरवल्या, ते मला अधिक शहाणपणाचं वाटतं. पाचव्या, सगळ्यात वाईट पायरीला तिथे झडपांवर भरवसा ठेवतच नाहीत. पाण्याचं तोंड आणि खालच्या पाण्याची पातळी यांच्यात मोकळी हवा ठेवतात.

मोठ्या व्यवस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. 2007 मध्ये फिनलंडच्या नोकिया गावात (फोनच्या कंपनीनं नाव घेतलं ते हेच) सांडपाणी प्रकल्पातली एक चावी उघडी राहिली आणि प्रक्रिया केलेलं सुमारे 450 घनमीटर सांडपाणी पिण्याच्या लाइनमध्ये गेलं. हजारो लोक आजारी पडले. 2016 च्या डिसेंबरात टेक्सासमधल्या कॉर्पस क्रिस्टी शहरानं, डांबराच्या कामात वापरायचं रसायन लाइनमध्ये शिरल्याच्या संशयानं, काही दिवस रहिवाशांना नळाला हात लावू नका असं सांगितलं. उकळूनही उपयोग नव्हता.

हे सगळं चोवीस तास पाणी असलेल्या देशांतलं. तिथे दाब पडणं हा अपवाद. आपल्याकडे पाणी सोडतात आणि बंद करतात, म्हणजे बहुतेक गावांत लाइन रोज रिकामी होते. त्यात लाइनला थेट मोटर लावून ओढणारे आहेतच. धारवाड-हुबळीत दोन प्रकारचे पुरवठे शेजारी-शेजारी होते, तेव्हा संशोधकांनी नळांचं पाणी तपासलं: थांबून-थांबून येणाऱ्या पाण्याच्या सुमारे 32 टक्के नमुन्यांत ई. कोलाय सापडले, चोवीस तास येणाऱ्यात 1 टक्क्याहूनही कमी. बेळगावच्या काही वॉर्डांत आणि कराडजवळच्या मलकापुरात अखंड पुरवठा आला, तो या अर्थानं नुसत्या सोयीचा विषय नव्हता.

आपल्या सोसायट्यांत जमिनीखालच्या टाकीत नगरपालिकेचं पाणी वरून पडलं, तर मोकळ्या हवेचं अंतर आपोआप मिळतं. पण कितीतरी ठिकाणी आवाज नको म्हणून आतल्या पाइपाला लांब नळी जोडून ती तळापर्यंत सोडलेली असते. बोअरवेलची आणि नगरपालिकेची लाइन एका चावीनं जोडलेली असते, 'उन्हाळ्यात अडचण नको' म्हणून. टँकरचा पाइप टाकीत बुडवून ठेवतात. टॉयलेटमधला जेट स्प्रे बादलीत लोंबकळतो.

म्हणून दर वर्षी टाकी धुवायला माणूस येईल, त्या दिवशी सेक्रेटरींनी स्वतः झाकणाशी उभं राहावं. आत येणाऱ्या पाइपाचं तोंड टाकी काठोकाठ भरल्यावरही पाण्याच्या वर, पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट उंचीवर राहतं का ते पाहावं. बोअरच्या आणि नळाच्या लाइनीमधली चावी नुसती बंद ठेवू नये, तो तुकडा कापून दोन्ही तोंडं बुचानं बंद करून घ्यावीत. प्लंबरला यासाठी अर्धा दिवस पुरतो.