धंद्याची गाडी खडखडायची वाट बघू नका!



ज्यांची रोजीरोटी चाकावर चालते, त्यांच्यासाठी आजचा विषय आहे. टूरिस्ट टॅक्सी, शाळेची व्हॅन, केटरिंगचा टेम्पो, दुकानाची डिलिव्हरी गाडी. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत असे धंदे गल्लोगल्ली आहेत. इंजिन ऑइल आपण वेळेवर बदलतो. स्टिअरिंग आणि सस्पेन्शनकडे मात्र खालून खडखड यायला लागली की मगच लक्ष जातं. तोवर टायरची एक कड खाल्लेली असते.

आपल्याकडे हे पार्ट लवकर का जातात? सांताक्रूझला एका पावसाळ्यात सरासरी २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यात खड्डे, उचकटलेले पेव्हर ब्लॉक, स्पीडब्रेकर आणि उड्डाणपुलांचे सांधे. टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट यांच्यावर रबरी बूट असतो, आत ग्रीस असतं. बूट फाटला की पाणी आणि चिखल आत शिरतो, ग्रीस धुऊन जातं आणि सांध्यात प्ले येतो. फाटलेला बूट दिसतो एवढासा, पण तसाच चालवत राहिलात तर एक दिवस सांधा निखळू शकतो. मग चाक ड्रायव्हरच्या ताब्यात राहत नाही.

कायदासुद्धा बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार धोकादायक दोष असलेली गाडी चालवणारा जबाबदार असतो, तसाच ती चालवू देणाराही. दोष माहीत नव्हता, एवढं म्हणून सुटका होत नाही. साधी काळजी घेतली असती तर तो सापडला असता का, हे बघितलं जातं. म्हणजे ड्रायव्हर ठेवला असेल तरी मालकाची जबाबदारी संपत नाही.

ही साधी काळजी म्हणजे महिन्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं.

१. टायर बघा. आतली किंवा बाहेरची एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंटची शंका घ्या. ठिकठिकाणी खळगे पडलेत? मग शॉकअप आणि बॅलन्सिंग तपासा.

२. गाडीचा एकेक कोपरा जोरात दाबून सोडा. एकदा वर येऊन गाडी स्थिर झाली पाहिजे. झुलत राहिली तर शॉकअप कमजोर झालाय. शॉकअपवर तेल ओघळलेलं असेल तरी तेच.

३. इंजिन चालू ठेवून, गाडी उभी असताना स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवा. स्टिअरिंग फिरतंय आणि चाक मात्र हलत नाही, असं वाटलं तर गॅरेज गाठा.

४. पुढचं चाक जॅकवर उचला. जमीन सपाट हवी, हँडब्रेक ओढलेला हवा, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे हवेत. जॅकच्या भरवशावर राहू नका, स्टँड लावा आणि गाडीखाली शिरू नका. घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी चाक धरून हलवा. प्ले लागला तर बहुधा टाय रॉड एंड. मग १२ आणि ६ च्या जागी धरा. इथे प्ले लागला तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. प्ले गायब झाला तर संशय बेअरिंगवर.

५. टॉर्च मारून रबरी बूट आणि बुश बघा. टेम्पो असेल तर पाटे तडकलेत का, तेही बघा.

आता गॅरेजवाल्याशी बोलताना. "आवाज येतोय, बघून घ्या" एवढंच सांगू नका. कुठल्या चाकाकडून, स्पीडब्रेकरवर की वळताना, ते सांगा. बदललेला जुना पार्ट मागून घ्या. शॉकअप एकाच एक्सलवरचे दोन्ही मिळून बदला. टाय रॉड एंड बदलल्यावर अलाइनमेंट करावीच लागते. ती आधी करून नंतर पार्ट बदलला तर ते पैसे पाण्यात! अलाइनमेंटच्या आधीच्या आणि नंतरच्या रीडिंगचा कागद मागा आणि जपून ठेवा.

आता हिशोब. समजा, सगळा खर्च जाऊन गाडी दिवसाला १,५०० रुपये देते. अचानक तीन दिवस गॅरेजला अडकली तर ४,५०० गेले. पार्टचं आणि मजुरीचं बिल वेगळं, आणि वेळेवर गाडी न मिळाल्याने तुटलेलं गिऱ्हाईक तर कुठल्याच बिलात दिसत नाही. तेच काम आधी कळलं तर कमी भाड्याच्या दिवशी करून घेता येतं.

धंद्याच्या गाडीला फिटनेस लागतोच. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. पण दोन फिटनेसच्या मध्ये निदान एक पावसाळा येतो. सर्टिफिकेट त्या दिवसाचं असतं, खड्डे रोजचे असतात.

म्हणून आजच एक वही करा. तारीख, किलोमीटर, काय तपासलं, काय बदललं, किती खर्च आला. पाच रकाने, बस्स. मेच्या अखेरीस एकदा आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये एकदा गाडी लिफ्टवर चढवून नीट तपासून घ्या. ड्रायव्हर असेल तर वही त्याच्या हातात द्या आणि सांगा, "आवाज आला की लिही, मी रागावणार नाही." बिघाड लपवणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा तो लिहून ठेवणारा ड्रायव्हर मालकाला कधीही स्वस्त पडतो.