शाळिग्रामाची साक्ष

आपल्याकडील अनेक घरांच्या देवघरांत काळाभोर, गुळगुळीत शाळिग्राम पूजेत असतो. नेपाळातील गंडकी नदीच्या पात्रात असे शाळिग्राम सापडतात. एखादा शाळिग्राम फुटलेला असला, तर त्याच्या आत चक्राकार वळणांची सुरेख आकृती दिसते. भाविक तिला विष्णूचे चक्र मानतात. शास्त्रज्ञांना तीत एका जलचराची ओळख पटते. अ‍ॅमोनाइट नावाचा हा प्राणी गोगलगाईसारखे वळणदार कवच धारण करून समुद्रात राहत असे. त्याचा वंश नष्ट होऊन सुमारे साडेसहा कोटी वर्षे लोटली. परंतु गाळात पुरलेल्या कवचाचा ठसा दगडात कायम राहिला. गंडकी तर हिमालयातून वाहत येते! मग समुद्रातील प्राणी पर्वतावर गेला कसा?

मुलांनो, पृथ्वीला संस्कृतात ‘अचला’ असे एक नाव आहे. अचला म्हणजे न हलणारी. डोळ्यांना ती तशीच दिसते. परंतु १९१२ साली आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले, की खंडे एके काळी एकत्र होती व पुढे ती एकमेकांपासून दूर सरकली. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांचे किनारे नकाशात एकमेकांशी कसे जुळतात, ते तुम्हीही पाहू शकाल. खंडे कोणत्या शक्तीने सरकतात, याचे समाधानकारक उत्तर वेगेनरला देता आले नाही. म्हणून बहुतेक विद्वानांनी त्याचे मत नाकारले. १९३० साली ग्रीनलंडच्या हिमप्रदेशात त्याचा अंत झाला. पुढे १९६० नंतरच्या काळात सागरतळाचे संशोधन झाले, तेव्हा त्याचा मूळ विचार खरा ठरला.

पृथ्वीचे बाह्य कवच अखंड नाही. तडकलेल्या मडक्याच्या खापरांप्रमाणे त्याचे लहानमोठे तुकडे आहेत. त्यांना भूपट्ट म्हणतात. त्यांची जाडी साधारणपणे १०० किलोमीटर असते. त्यांच्याखालील खडक अत्यंत तप्त असून, घन असूनही तो अतिशय मंद गतीने वाहतो. सागरतळाचा थंड व जड झालेला भाग या तप्त थरात खाली बुडतो आणि आपल्यामागे उरलेला भूपट्ट ओढून नेतो. भूपट्टांच्या गतीचे हे एक प्रमुख कारण होय.

जेथे दोन भूपट्टांच्या कडा एकत्र येतात, तेथे तीन प्रकार घडतात. काही ठिकाणी ते परस्परांपासून दूर जातात. मधल्या फटीतून शिलारस वर येतो, थिजतो आणि नवा सागरतळ तयार होतो. अटलांटिक महासागर असाच रुंदावत आहे. काही ठिकाणी ते एकमेकांना घासत शेजारून सरकतात. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात अशी सीमा आहे. १९०६ सालच्या भूकंपात तेथील सरळ कुंपणे तुटून त्यांचे दोन भाग एकमेकांपासून बाजूला सरकले. तिसऱ्या प्रकारात भूपट्ट एकमेकांवर आदळतात. त्यांपैकी एक सागरतळाचा असेल, तर तो दुसऱ्याखाली जातो. दोन्हींवर खंडे असतील, तर मात्र हलके खडक सहजी खाली जात नाहीत. ते मुडपतात, दुमडतात आणि वर उचलले जातात.

हिमालय असाच जन्मास आला. फार पूर्वी भारत आणि आशिया यांच्यामध्ये टेथिस नावाचा समुद्र होता. भारताची भूमी उत्तरेकडे सरकत गेली आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियास भिडली. मधला सागरतळ दाबला गेला. त्याचे थर आकाशाकडे उचलले गेले. त्या थरांतच आपला शाळिग्राम होता. एव्हरेस्टच्या माथ्यावरील चुनखडकातही सागरी जीवांचे अवशेष आहेत.

ही गती अद्याप थांबलेली नाही. भारताचा भूपट्ट वर्षास सुमारे ५ सेंटिमीटर सरकतो. आपली नखे वाढतात साधारण त्याच वेगाने. बारा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात आपली भूमी हातभर सरकलेली असते!

परंतु भूपट्टांच्या कडा नेहमी सुरळीत सरकत नाहीत. त्या एकमेकींत अडकतात. मागून रेटा चालूच राहतो, ताण साचतो आणि एके दिवशी खडक तुटून भूमी हादरते. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळील सागरतळाखाली असेच घडले. उसळलेल्या त्सुनामी लाटांनी अनेक देशांत मिळून दोन लाखांहून अधिक माणसांचा बळी घेतला. हिमालयातील रेट्याचा ताण भूपट्टाच्या अंतर्भागातही पोचतो, असे शास्त्रज्ञ मानतात. म्हणूनच सीमेपासून दूर असलेल्या आपल्या किल्लारीलाही ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने गाठले. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील जड माळवदे झोपेतल्या माणसांवर कोसळली व हजारो जीव गेले.

भूकंपाचा दिवस आधी सांगणे अजून कोणालाही साधलेले नाही आणि भूमीची गती थोपविणे तर मनुष्याच्या हाती मुळीच नाही. परंतु आपले घर कसे बांधावे, हे निश्चितच आपल्या हाती आहे. भिंतीचे कोपरे एकमेकांत नीट गुंफलेले असावेत, भिंतींभोवती पक्का पट्टा बांधलेला असावा, छप्पर हलके असावे. चल पृथ्वीवर निर्भयपणे राहावयाचे, तर तिचा स्वभाव ओळखूनच राहिले पाहिजे.